तारेवरील संभाषणाची संहिता : ‘टीसीपीडम्प’चा इतिहास आणि त्याच्या साक्षीचे मोल

भाषेचे व्याकरण आणि भाषेचा प्रत्यक्ष व्यवहार ह्यांत अंतर असते, ही गोष्ट भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला नवी नाही. नवल वाटावे ते असे की, जी भाषा माणसांनी ठरवून, लेखी नियमांनी बांधून निर्माण केली आणि जी केवळ यंत्रांनीच बोलावयाची होती, तिच्या बाबतीतही हे अंतर टळले नाही. आणि ते नीट ध्यानात येण्यासाठी यंत्रांचे बोलणे प्रत्यक्ष ऐकून टिपून घेण्याचे साधन हाती यावे लागले. संगणकांच्या जाळ्यावरून जाणारे संदेश टिपून ते वाचनीय रूपात मांडणारा ‘टीसीपीडम्प’ हा लहानसा प्रोग्राम म्हणजे ते साधन होय. त्याला चित्रे नाहीत, बटणे नाहीत. आज्ञेची एक ओळ टंकावी आणि पडद्यावर उमटणाऱ्या ओळी वाचाव्यात, एवढाच त्याचा व्यवहार. अभियांत्रिकीच्या इतिहासात ह्या प्रोग्रामचा उल्लेख बहुधा एका वाक्यात उरकला जातो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार पुराव्याचे साधन म्हणून करावयाचा आहे : त्याने कोणती साक्ष दिली, ती कितपत विश्वसनीय ठरली, आणि सांप्रत ती साक्ष मिळणे दुरापास्त का होत चालले आहे.

इंटरनेटवरील यंत्रांच्या संभाषणाचे दीर्घकाळ प्रमुख असलेले व्याकरण म्हणजे ‘टीसीपी’ हा प्रोटोकॉल. जॉन पोस्टेल ह्यांनी संपादिलेले त्याचे प्रमाणभूत विवरण सप्टेंबर १९८१ मध्ये ‘आरएफसी ७९३’ ह्या क्रमांकाने प्रसिद्ध झाले. लांब मजकूर लहान लहान पॅकेटांत विभागून पाठवावा, त्यातील प्रत्येक बाइटला अनुक्रमांक असावा, मिळालेल्या मजकुराची पोच द्यावी, आणि अपेक्षित वेळात पोच न आल्यास तोच मजकूर पुन्हा पाठवावा, असा त्याचा सारांश. संभाषणाचा आरंभही विधिपूर्वक होतो. एक यंत्र आपला आरंभीचा अनुक्रमांक कळविते, दुसरे त्याची पोच देऊन आपला क्रमांक कळविते, पहिले त्या दुसऱ्याची पोच देते. ह्या तीन पॅकेटांनंतरच मजकुराची देवाणघेवाण सुरू होते. टपालाच्या पोचपावतीची पद्धत ज्याला ठाऊक आहे त्याला ह्यात दुर्बोध असे काही नाही. परंतु वाटेत गर्दी झाली असता प्रत्येकाने किती वेगाने बोलावे, ह्याविषयी हे विवरण जवळजवळ मौन पाळते. पुनःप्रेषणाच्या अतिरेकाने सारे जाळेच कोंडून जाऊ शकेल, असा इशारा जॉन नेगल ह्यांनी १९८४ मध्ये दिला होता. त्या वेळी तो फारसा कोणी मनावर घेतला नाही.

ऑक्टोबर १९८६ मध्ये ती कोंडी प्रत्यक्षात आली. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिच्या शेजारचे बर्कली येथील विद्यापीठ ह्यांच्यामधले अंतर अवघे ४०० यार्डांचे. जाळ्याच्या हिशेबाने मध्ये दोनच टप्पे. ह्या वाटेवरील वहनाचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. चाळीस बिट म्हणजे पाच बाइट. तेवढ्या वेळात एखादा माणूस पायी जाऊन मजकूर वाचून दाखवू शकला असता असे म्हटले तर ती फारशी अतिशयोक्ती होणार नाही. प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन आणि विद्यापीठातील माइक कॅरल्स ह्यांनी ह्या प्रकाराचा शोध घेतला. त्यांच्यापुढे प्रश्न होता तो असा की, विद्यापीठाने तयार केलेल्या युनिक्समधील टीसीपी नियम सोडून वागत होता काय, की नियम पाळूनही तो अशा स्थितीत अधिक चांगला वागू शकला असता. दोन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी मिळाले, असे जेकबसन ह्यांनी १९८८ मधील आपल्या सुप्रसिद्ध निबंधात सांगितले आहे.

त्या निबंधातील आलेखांकडे इतिहासाच्या अभ्यासकाने अवश्य लक्ष द्यावे. आडव्या अक्षावर पॅकेट पाठविल्याची वेळ, उभ्या अक्षावर त्यातील अनुक्रमांक, आणि प्रत्येक पॅकेटास एक ठिपका, अशी साधी मांडणी आहे. सर्व सुरळीत असते तर ठिपक्यांची एक तिरपी रेषा वर चढत गेली असती. प्रत्यक्षात ठिपक्यांचे उभे पुंजके दिसतात आणि त्याच त्या उंचीवर ते पुन्हा पुन्हा उमटतात. म्हणजे तोच मजकूर परत परत पाठविला जात आहे. एका आलेखात उपलब्ध वहनक्षमतेपैकी केवळ ३५ टक्के कामी आली आहे, आणि ५४ ते ५८ किलोबाइट एवढा मजकुराचा तुकडा पाच वेळा पाठविला गेला आहे. व्याकरणाच्या दृष्टीने ह्यातले एकेक वाक्य शुद्ध आहे. पोच आली नाही म्हणून पुन्हा सांगितले, एवढेच. दोष कोणत्याही एका वाक्यात नसून साऱ्या संभाषणात आहे, आणि तो केवळ संपूर्ण संभाषणाची कालक्रमवार नोंद समोर ठेवल्यावरच दिसतो. आरंभ हळू करावा, पोच येऊ लागेल तसा वेग वाढवावा, पॅकेट हरविल्याचे दिसताच वेग कमी करावा, हे जे उपाय पुढे इंटरनेटभर रूढ झाले त्यांची प्रतीती अशा नोंदींवरून पटविता आली. नियमग्रंथ वाचून ती पटली नसती.

ह्याच संशोधनाच्या ओघात, १९८८ च्या सुमारास, लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत टीसीपीडम्पचा जन्म झाला. त्याचे कर्ते जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅकॅन. सन कंपनीच्या यंत्रांबरोबर ‘ईथरफाइंड’ नावाचा एक प्रोग्राम मिळत असे. टीसीपीडम्प आरंभी त्याच्या आधारे रचला गेला. मात्र ईथरफाइंड ही कंपनीची मालमत्ता होती, आणि बर्कलीच्या मंडळींना आपला प्रोग्राम सर्वांना मुक्तपणे द्यावयाचा होता. तेव्हा मॅकॅन ह्यांनी मूळ प्रोग्राम न पाहता, केवळ त्याच्या माहितीपत्रकात दिलेल्या वर्णनावरून, ते भाग नव्याने लिहून काढले. हे प्रोग्रामबरोबर वाटल्या जाणाऱ्या टिपणातच नमूद आहे. एखादा ग्रंथ लुप्त व्हावा आणि त्याच्या टीकेवरून तो पुन्हा सिद्ध करावा, तसा हा प्रकार. फरक इतकाच की येथे ग्रंथ लुप्त नव्हता, तो न पाहण्याचे व्रत होते.

ऐकण्याची युक्ती त्या काळी सोपी होती. ईथरनेटची तार सर्व यंत्रांना सामाईक असे, आणि तिच्यावरचे प्रत्येक पॅकेट प्रत्येक यंत्रापर्यंत पोचत असे. आपल्या नावाचे नसेल ते यंत्राने सोडून द्यावे, एवढाच संकेत. तो संकेत बाजूस ठेवला की एकच यंत्र साऱ्या तारेचा श्रोता होई. अडचण होती ती निराळीच. येणाऱ्या पॅकेटांच्या पुरातून हवी तेवढीच पॅकेटे निवडावयाची कशी? प्रत्येक पॅकेट कार्यप्रणालीच्या गाभ्यातून उचलून प्रोग्रामच्या हाती द्यावे आणि त्याने नकोसे टाकून द्यावे, असे केले तर यंत्राची शक्ती त्यातच संपे आणि पॅकेटे निसटत. निवड गाभ्यातच करण्याची कल्पना कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८० मध्ये माइक अॅसेटा आणि रिक रशीद ह्यांनी अमलात आणली होती. मॅकॅन आणि जेकबसन ह्यांनी तिची रचना मुळापासून बदलून ‘बर्कली पॅकेट फिल्टर’ सिद्ध केला आणि त्याचे विवरण जानेवारी १९९३ मध्ये सॅन दिएगो येथील परिषदेत सादर केले. नवी चाळणी जुनीपेक्षा २० पटींपर्यंत वेगवान, आणि एकूण यंत्रणा सनच्या यंत्रणेपेक्षा १०० पटींपर्यंत वेगवान असल्याचे त्यांनी दाखविले. वापरणाऱ्याला मात्र ह्यातले काहीच दिसत नाही. तो ‘अमुक यंत्राकडून’, ‘अमुक यंत्राकडे’, ‘अमुक पोर्ट’ अशा अर्थाची इंग्रजी पदे ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ ह्या अव्ययांनी जोडून एक वाक्य लिहितो. प्रोग्राम त्या वाक्याचे पदान्वयन करून त्यापासून गाभ्यात चालणारी चिमुकली आज्ञावली तयार करितो. एक भाषा ऐकण्यासाठी दुसरी भाषा निर्माण करावी लागली, ही घटना भाषाभ्यासकाने विसरू नये. ह्या दुसऱ्या भाषेचे भाग्यही मोठे. २०१४ पासून तिचा विस्तारित अवतार लिनक्सच्या गाभ्यात पॅकेटांशी संबंध नसलेल्या कामांसाठीही वापरला जात आहे. तो विषय स्वतंत्र आहे.

आता लेखनपद्धतीकडे वळू. टीसीपीडम्पची एक ओळ म्हणजे एक पॅकेट. प्रथम वेळ, सेकंदाच्या दशलक्षांशापर्यंत, मग वक्ता, मग श्रोत्याकडे टोक केलेले एक बाणासारखे चिन्ह, मग श्रोता. पुढे प्रकारदर्शक अक्षरे : आरंभासाठी एस, समाप्तीसाठी एफ, मजकूर विनाविलंब पुढे देण्यासाठी पी, संभाषण तोडण्यासाठी आर. नंतर अनुक्रमांक, पोच आणि श्रोत्यापाशी किती जागा शिल्लक आहे त्याचा आकडा. ध्वनिलेखनाच्या वह्या ज्यांनी भरल्या आहेत त्यांना ही काटकसर ओळखीची वाटेल. परंतु ध्वनिलेखनाप्रमाणेच येथेही लिहिणाऱ्याचा निर्णय लेखनात शिरतो. पहिल्या पॅकेटाचा अनुक्रमांक जसाच्या तसा दाखवून पुढील पॅकेटांसाठी प्रोग्राम त्यापासूनचे अंतर दाखवितो. वाचणाऱ्याची ही सोय आहे, पण मुळात ‘एक’ हा आकडा नसून एखादी दहा अंकी संख्या असते. मूळ संख्या हवी असेल तर तशी आज्ञा वेगळी द्यावी लागते. यंत्रांच्या पत्त्यांऐवजी नावे छापली जातात, तीही नोंद वाचण्याच्या वेळी शोधलेली. पाच वर्षांपूर्वीची नोंद आज वाचली तर जुन्या पत्त्यापुढे आजच्या धन्याचे नाव येऊ शकते. शिवाय नाव शोधण्यासाठी प्रोग्राम स्वतःच जाळ्यावर प्रश्न विचारतो, आणि ऐकणे चालू असताना ते प्रश्नही नोंदीत येऊन पडतात! निरीक्षकाच्या उपस्थितीने निरीक्ष्य भाषा बदलते, ह्या विल्यम लबॉव ह्यांनी वर्णिलेल्या पेचाचे इतके शब्दशः उदाहरण दुसरे आढळणार नाही. सावध अभ्यासक नावे न शोधण्याचा पर्याय निवडतो.

चिन्हांच्या अर्थांतराचा तर एक मासलेवाईक दाखला येथे आहे. जुन्या नोंदींत अक्षरांच्या जागी नुसता बिंदू आला तर त्याचा अर्थ ‘कोणतेही प्रकारदर्शक अक्षर नाही’ असा होता. पोच असल्यास ती पुढे वेगळ्या शब्दाने सांगितली जाई. पुढील आवृत्त्यांत तोच बिंदू ‘पोच आहे’ ह्या अर्थी योजिला गेला आणि अभाव दाखविण्यासाठी स्वतंत्र शब्द आला. छापील नोंद हाती घेणाऱ्याने ती कोणत्या काळातील आवृत्तीने लिहिली आहे हे आधी पाहिले पाहिजे; अन्यथा अभावाच्या जागी भाव वाचला जाईल. ह्याच कारणास्तव संहिता आणि तिचे वाचन निरनिराळे ठेवण्याची सोय प्रोग्राममध्ये आहे हे फार चांगले झाले. पॅकेटे मुळाबरहुकूम एका फाइलीत साठविता येतात आणि हवी तेव्हा, हवी तशी वाचता येतात. त्या फाइलीच्या आरंभी चार बाइटांचा एक ठरावीक अंक लिहिलेला असतो. बाइट डावीकडून मांडावेत की उजवीकडून, ह्याबद्दल यंत्रांत एकवाक्यता नाही. तो अंक उलटा दिसला की लिहिणारे यंत्र दुसऱ्या पंथाचे होते हे वाचणाऱ्याला कळते. पोथीच्या पहिल्या ओळीवरून लेखनिकाचे वळण ओळखावे, तसेच हे.

अशा साठविलेल्या नोंदींचा सर्वांत विस्तृत आणि आमच्या मते सर्वांत विचक्षण उपयोग व्हर्न पॅक्सन ह्यांनी केला. तेही लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतलेच. ३५ स्थळांच्या दरम्यान झालेल्या सुमारे २०,००० प्रेषणांच्या नोंदी त्यांनी दोन्ही टोकांस टीसीपीडम्पने घेतल्या, आणि निरनिराळ्या कार्यप्रणालींतील टीसीपी प्रत्यक्षात कसा वागतो हे १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. निष्कर्ष बोलीभूगोलाच्या अभ्यासकाला शोभणारा आहे. नियमग्रंथ एक, पण बोली अनेक. सोलॅरिसच्या त्या वेळच्या आवृत्त्या पहिली पोच येण्याची वाट सेकंदाच्या सुमारे तीन दशांशांहून अधिक पाहत नसत. त्यामुळे दूरच्या वाटेवर, पोच वाटेतच असताना, त्या निष्कारण पुनरुक्ती करीत. लिनक्सच्या पहिल्या आवृत्तीत एक पॅकेट हरविल्याचा संशय येताच पोच न आलेली सारी पॅकेटे एकदम पुन्हा सोडली जात. आणखी मनोरंजक गोष्ट अशी की, बर्कली युनिक्सच्या परंपरेतून उतरलेल्या टीसीपींपेक्षा, नियमग्रंथ समोर ठेवून स्वतंत्रपणे लिहिलेल्या टीसीपींमध्ये गंभीर दोष अधिक आढळले. परंपरेने आलेल्या भाषेत जे अलिखित ज्ञान वाहत येते, ते केवळ ग्रंथावरून शिकणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. मॅकॅन ह्यांचा वर सांगितलेला प्रयोग सफल झाला आणि हे इतरांचे प्रयोग फसले, ह्याचे कारण माझ्या मते असे की एका स्थळी वर्णन एका चालू वस्तूचे होते, दुसऱ्या स्थळी ते वागणुकीच्या नियमांचे होते.

हे दोष इतकी वर्षे टिकले कसे? आपण बोलताना काटेकोर राहावे आणि दुसऱ्याचे ऐकताना उदार असावे, हे तत्त्व पोस्टेल ह्यांनी १९८० पासून प्रोटोकॉलांच्या विवरणांत घातले होते. श्रोता उदार असला की वक्त्याची चूक खपून जाते, मजकूर पोचतो, आणि काही बिघडले आहे असे कोणालाच वाटत नाही. तिऱ्हाइताने नोंद घेतली तेव्हाच ती चूक दिसली. १९९९ च्या मार्च महिन्यात अशा ज्ञात दोषांची यादी ‘आरएफसी २५२५’ म्हणून प्रसिद्ध झाली, आणि तिच्यात दोषांचे नमुने नोंदींच्या ओळी उद्धृत करूनच दाखविले आहेत.

परंतु पॅक्सन ह्यांचे खरे पांडित्य आणखी एका ठिकाणी दिसते. वक्त्यांची परीक्षा घेण्यापूर्वी त्यांनी साक्षीदाराचीच परीक्षा घेतली. आपल्या नोंदींत त्यांना चार प्रकारचे दोष आढळले : काही पॅकेटे नोंदीतून गळली होती, काही दोनदा लिहिली गेली होती, काहींचा क्रम उलटला होता, आणि काही ठिकाणी घड्याळ चुकले होते, क्वचित मागेही गेले होते. लोप, आगम, विपर्यय ह्या निरुक्तकारांच्या संज्ञा येथे जशाच्या तशा लागू पडतात. गळती ओळखण्याची त्यांची रीत पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्याने अभ्यासावी अशी आहे. नोंदीत ज्या मजकुराची पोच दिसते तो मजकूरच नोंदीत नसेल, तर तो जाळ्यात हरविलेला असू शकत नाही, कारण श्रोत्याला तो मिळालेला आहे. तेव्हा तो लेखनिकाकडून गळला, असाच निर्णय द्यावा लागतो. टीसीपीडम्प थांबताना गाभ्याने किती पॅकेटे गाळली त्याचा आकडा छापतो, पण त्या आकड्यावर विसंबून राहणे पुरेसे नाही, हे ह्यावरून सिद्ध झाले. नोंदीतील वेळही पॅकेट तारेवर आल्याची नव्हे, गाभ्याने त्याची दखल घेतल्याची असते. दोहोंमधील विलंब नोंदीत कोठेच येत नाही.

साक्षीची आणखी एक मर्यादा मात्र हेतुपुरस्सर होती. जुन्या आवृत्त्या प्रत्येक पॅकेटाचे पहिले ६८ बाइटच टिपून घेत. ईथरनेटचा शीर्षभाग १४, आयपीचा किमान २० आणि टीसीपीचा किमान २० मिळून ५४ होतात. म्हणजे पाकिटावरचा पत्ता पुरा आणि आतल्या पत्राचे फार तर दोनचार शब्द. जागेची बचत हे त्याचे कारण खरे, पण त्यामुळे आपोआप एक प्रकारची सभ्यताही पाळली जाई. पुढे साठवण स्वस्त झाली, मर्यादा वाढत वाढत २,६२,१४४ बाइटांवर गेली, आणि सारे पॅकेट टिपणे हाच सामान्य नियम झाला.

सभ्यता न पाळणारे श्रोते त्यापूर्वीच आले होते. त्या काळी दूरच्या यंत्रावर काम करताना परवलीचा शब्द तारेवरून उघडा जात असे. फेब्रुवारी १९९४ मध्ये कार्नेगी मेलन येथील ‘सर्ट’ ह्या संस्थेने जाहीर केले की, ह्याच जातीच्या साधनांनी तारेवर कान ठेवून घुसखोरांनी अक्षरशः हजारो यंत्रांचे परवलीचे शब्द हस्तगत केले आहेत. १९९५ मध्ये हेलसिंकी येथील तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर असाच प्रकार घडला, आणि त्यावर उपाय म्हणून तेथील तातू युलोनेन ह्यांनी ‘एसएसएच’ हा कूटलेखनाचा प्रोटोकॉल रचला. अभ्यासकाचा कान आणि चोराचा कान ह्यांत तांत्रिक फरक काहीच नाही. २०१३ मध्ये शासकीय पातळीवरील व्यापक टेहळणी उघडकीस आल्यावर, अशी टेहळणी हा इंटरनेटवरील हल्लाच समजावा आणि प्रोटोकॉल रचताना त्याचा प्रतिकार करावा, असे इंटरनेटच्या मानके ठरविणाऱ्या मंडळाने मे २०१४ मध्ये ‘आरएफसी ७२५८’ द्वारा ठरविले.

तरीही टीसीपीच्या संभाषणात कूटलेखन होते ते पत्राचे. पाकीट उघडेच राहिले. महानुभावांच्या सकळ लिपीतील पोथी ज्याला वाचता येत नाही त्यालाही तिची पाने मोजता येतात, तसे अनुक्रमांक, पोच, पुनरुक्ती हे सारे तिऱ्हाइताला पूर्वीप्रमाणेच दिसत होते, आणि जेकबसन ह्यांच्यासारखा आलेख काढता येत होता. मे २०२१ मध्ये ‘आरएफसी ९०००’ ह्या क्रमांकाने ‘क्विक’ हा नवा प्रोटोकॉल प्रसिद्ध झाला, आणि त्यात पॅकेटाचा क्रमांक आणि पोच हीदेखील कूटलेखनाआड गेली. ह्याला गोपनीयतेखेरीज दुसरेही कारण आहे. वाटेवरील मध्यस्थ यंत्रे टीसीपीचा उघडा शीर्षभाग वाचून आपली वागणूक ठरवू लागली होती. परिणामी त्यात किंचित बदल केला तरी ती अडवणूक करीत, आणि भाषेची वाढच खुंटली होती. कान बंद केल्यावाचून जीभ मोकळी होईना. हे दोन्ही युक्तिवाद मला ग्राह्य वाटतात. पण त्यांची किंमत काय, हे ज्यांनी ती मोजावयाची त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे.

टीसीपीडम्प क्विकची पॅकेटे आजही टिपतो; वेळ, वक्ता, श्रोता आणि लांबी एवढे सांगतो आणि थांबतो. अधिक हवे असेल तर संभाषणातील दोहोंपैकी एकाने आपली किल्ली द्यावी, किंवा आपण काय बोललो व काय ऐकले ह्याची नोंद स्वतःच लिहून द्यावी. अशा नोंदींसाठी ‘क्यूलॉग’ नावाची लेखनपद्धती तयार झाली आहे. ती टीसीपीडम्पच्या ओळींपेक्षा कितीतरी संपन्न आहे. वक्त्याच्या मनातील वेगाचा अंदाजही तिच्यात लिहिलेला असतो, जो तारेवर कधीच दिसला नसता. परंतु ती निवेदकाने स्वतःविषयी दिलेली माहिती आहे. १९८६ मधील टीसीपीला आपण काय करीत आहोत असे विचारले असते, तर नियमाप्रमाणे पुनःप्रेषण करीत आहोत, असे प्रामाणिक उत्तर त्याने दिले असते. सोलॅरिसने आपली घाई आपल्या नोंदीत घाई म्हणून लिहिली नसती. आणि आज जाळ्यावरील वाहतुकीचा मोठा भाग ज्यांच्या यंत्रांतून निघतो त्या थोड्या कंपन्या आपल्या नोंदी विद्यापीठांतील अभ्यासकांना दाखवितीलच, असे बंधन त्यांच्यावर नाही.

क्विक रचणाऱ्यांपुढे हा प्रश्न आला होता, आणि त्यावर बराच वाद होऊन एक तडजोड झाली. लहान शीर्षभागात एक बिट उघडा ठेवण्यात आला. संदेश जाऊन त्याचे उत्तर येईपर्यंतच्या प्रत्येक फेरीस तो शून्यावरून एकावर आणि एकावरून शून्यावर उलटतो, म्हणजे तिऱ्हाइताला निदान फेरीचा काळ मोजता येतो. तोही ऐच्छिक आहे. आणि जी यंत्रे तो पाळतात त्यांनीदेखील सोळांतील निदान एका वाटेवर तो बंद ठेवावा, असा नियम आहे.